मढईच्या पाण्याकाठी: जंगलातल्या छोट्या लॉजवर पहिल्यांदा राहायला जाताना

ताडोबा झालं, पेंच झालं, आता कुठं जायचं, असं कुणी विचारलं की मी गेली बरीच वर्षं एकच नाव सांगते: मढई. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं हे प्रवेशद्वार मध्य प्रदेशात आहे, पूर्वीच्या होशंगाबाद आणि आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, देनवा नदीच्या काठी. तवा नदीवर १९७० च्या दशकात धरण पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, देनवाच्या पात्रातून मागे सरकत इथपर्यंत आला. आज पाण्याच्या एका काठाला शेतं, गावं आणि मोजके लॉज आहेत, तर दुसऱ्या काठापासून थेट जंगल सुरू होतं. त्या जंगलात शिरायचं तर आधी नावेत बसावं लागतं, कारण सफारीच्या उघड्या गाड्या, म्हणजे जिप्सी, पलीकडच्या काठावर उभ्या असतात.

इथल्या ज्या लॉजना बुटीक म्हणतात, त्यांत दहा-वीस खोल्या असतात. एकेक खोली सुटी, मधे गवत आणि झाडं. खोलीत बहुधा टीव्ही नसतो, जेवणाची वेळ सफारीच्या वेळेवर ठरते आणि रात्री दिवे मुद्दाम मंद ठेवतात. हॉटेलची सवय घेऊन आलेल्या माणसाचा पहिला दिवस म्हणूनच हिरमुसला जातो. तो दिवस वाया जाऊ नये, यासाठी हे सगळं क्रमानं सांगते आहे.

आधी महिना ठरवा, मग लॉज

सगळे उलट करतात. फोटो बघून लॉज आवडतो आणि मग सुट्टी मिळेल तेव्हा जातात. धरणाच्या पाण्याकाठी हे चालत नाही, कारण ते पाणी एका जागी थांबत नाही. पावसाळा संपता संपता तवा भरलेला असतो. मग कालव्यांतून शेतीला पाणी सुटायला लागतं आणि फुगवटा महिन्या-महिन्यानं मागे हटतो. ऑक्टोबरात जिथं पाणी असतं, तिथं एप्रिलमध्ये हिरवं कुरण असतं.

मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात. पाण्याकडे तोंड असलेली खोली म्हणून जास्तीचे पैसे भरले होते. व्हरांड्यात उभी राहिले तर समोर भेगाळलेला गाळ, त्यापुढे गवताचा पट्टा आणि लांबवर पाण्याची एक चमकती रेघ. वेबसाइटवरचा फोटो ऑक्टोबरातला होता आणि बुकिंग करताना कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला फसवल्यासारखं वाटलं आणि मी संध्याकाळपर्यंत घुश्शात होते. पण दिवस कलला तसा त्या गवताच्या पट्ट्यावर चितळांचा कळप उतरला, पाठोपाठ रानडुकरं आली. पाणी हटलं की तिथं कोवळं गवत उगवतं आणि उन्हाळ्यात आसपास दुसरीकडे कुठंच हिरवं नसतं, हे मला तेव्हा कळलं. तरीही माझं म्हणणं तेच आहे: ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातला फोटो लॉजकडून मागून घ्या. चांगला लॉज पाठवतो.

तर महिने असे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी काठोकाठ, जंगल हिरवंगार, पण गवत कमरेएवढं, त्यामुळे प्राणी दिसायला अवघड. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा काळ. चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. थंडी मात्र कडक असते, उघड्या जिप्सीत पहाटे बोटं वाकत नाहीत. मार्चमध्ये पळस पेटतो आणि मोहाची फुलं टपकायला लागतात. एप्रिल ते जून म्हणजे चाळिशीपार ऊन, पण प्राणी पाण्यावर हमखास येतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतं आणि काही लॉजही तेव्हा बंद ठेवतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य सुचवते. पाणी अजून जवळ असतं, गवत उतरलेलं असतं आणि दुपार सोसवते.

तीन रात्री

एका रात्रीसाठी जाऊ नका. दोन रात्रीही अपुऱ्या पडतात, कारण पहिला अर्धा दिवस प्रवासाचा शीण काढण्यात जातो आणि शेवटचा बॅग भरण्यात. तीन रात्री घेतल्या की मधले दोन दिवस पूर्ण तुमचे. सुट्टी कमी असेल तर लॉज थोडा साधा घ्या, पण रात्र कमी करू नका.

मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवा. मी मुद्दाम मधला दिवस बुधवार येईल असं बघते. त्या दुपारी बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, पायी फिरता येतं किंवा नुसतं पाण्याकाठी बसता येतं, आणि सफारी बुडाल्याची हुरहुर लागत नाही.

सफारीचा परवाना वेगळा काढावा लागतो

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथं होते. खोली मिळाली म्हणजे सफारी मिळाली असं नाही. कोअर क्षेत्रातल्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि परवाना मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन बुकिंगवरून निघतो. एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत चालक आणि वनविभागाचा गाईड. ज्या ओळखपत्राचा क्रमांक बुकिंगला दिला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. आधार दिला आणि सोबत लायसन्स आणलं, तर पहाटे साडेपाचला नावेच्या धक्क्यावर वाद घालत बसावं लागतं.

बहुतेक लॉज तुमच्या वतीनं परवाने काढून देतात. म्हणून खोलीचे पैसे भरण्याआधी त्यांना तारखा कळवा, सफारी उपलब्ध आहे का ते विचारा आणि मगच पुढे जा. दिवाळी, नाताळ आणि सलग सुट्ट्यांचे परवाने फार लवकर संपतात.

फोनवर काय विचारायचं

लॉजला एकदा तरी फोन कराच, नुसत्या मेलवर राहू नका. फोन उचलणारा माणूस कसा बोलतो, त्यावरून निम्मं कळतं. दर सांगितला की त्यात काय काय धरलंय ते विचारा. "जंगल प्लॅन" म्हटलं की साधारण राहणं, जेवण आणि सफारी असं सगळं धरलेलं असतं. नुसतं जेवणासह म्हटलं तर सफारीचा खर्च वेगळा, आणि तो थोडा नसतो. लॉजचा स्वतःचा नॅचरॅलिस्ट, म्हणजे प्राणी-पक्ष्यांचा जाणकार, जिप्सीत सोबत येतो का? मढईच्या धक्क्यापर्यंत किती वेळ लागतो? पाण्याकाठी म्हणतात ते पाणी चालत जाण्याइतकं जवळ आहे का? जनरेटर रात्री किती वाजता बंद करतात? घरातल्या कुणाला झोपताना श्वासाचं मशीन लागत असेल, तर हा शेवटचा प्रश्न जिवाचा आहे.

सोबत वडीलधारी माणसं असतील तर त्यांच्या पाठीचा विचार आधी करा. जिप्सी खडकाळ वाटेवर हादरते आणि नावेत चढताना पाय उंच उचलावा लागतो. खोली जेवणघराच्या जवळची मागा. माझ्या आईला आम्ही पुढच्या सीटवर, कमरेमागे उशी ठेवून बसवलं आणि दिवसातून एकच सफारी केली, तेव्हा ती खुशीत होती. लहान मुलांसाठी होडीत आणि पायी फिरण्यात वयाची अट असू शकते, तेही विचारून ठेवा.

पोचायचं कसं

रेल्वेनं इटारसी-जबलपूर मार्गावर सोहागपूर किंवा पिपरिया ही स्टेशनं. मुंबई-पुण्याकडून भुसावळ, खांडवा, इटारसी अशा येणाऱ्या बऱ्याच गाड्या पिपरियाला थांबतात. सोहागपूर अधिक जवळ, तिथून मढई जेमतेम वीसेक किलोमीटर. विमानानं यायचं तर भोपाळ.

नागपूरकरांनी रस्त्यानंच जावं असं मी म्हणेन. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली, पिपरिया. सौंसरपर्यंत कानावर मराठीच पडते. जामसावळीच्या मारुतीला नमस्कार करायचा आणि पुढे निघायचं. तामियाचा घाट उतरताना सातपुडा पहिल्यांदा पूर्ण दिसतो. विदर्भातल्या किती घरांना हा रस्ता ठाऊक आहे! महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडला जाणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेला निघणारे लोक याच डोंगरात येतात. माझे आजोबाही "हर बोला महादेव" म्हणत पचमढीला चालत गेले होते. तेच रान, फक्त आपण उत्तरेच्या पायथ्याकडून, पाण्याच्या बाजूनं शिरतो.

एकच नियम पाळा: लॉजवर अंधार पडायच्या आत पोचा. शेवटचे काही किलोमीटर गावातले आणि रानालगतचे असतात, रस्त्यावर गुरंही येतात आणि चितळंही.

बॅगेत काय

खाकी, मातकट, मळकट हिरवे असे कपडे. पांढरा शर्ट आणि लाल जॅकेट घरी ठेवा. हिवाळ्यात कानटोपी, हातमोजे आणि एकावर एक चढवता येतील असे थर, कारण पहाटे सहाला गारठा असतो आणि दहाला घाम फुटतो. लॉजवाले जिप्सीत ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात, ती पिशवी पोटाशी धरा. धुळीसाठी मोठा रुमाल. पायात बंद बूट, आणि सकाळी घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे, विंचू बसलेला असू शकतो. दुर्बीण असेल तर आणाच. माणशी एक असली तर फारच उत्तम, कारण नेमक्या क्षणी कुणी दुसऱ्याला देत नाही. डासांचं मलम, ओआरएस, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. मोठं रुग्णालय इथून लांब आहे.

अत्तर, परफ्यूम नको. ड्रोनला बंदी आहे. जंगलात प्लॅस्टिकची पिशवी किंवा दारू न्यायची नाही. मोबाईलवर विसंबू नका: रेंज कधी असते, कधी नसते, आणि कोअरमध्ये वापराला मनाई असेल तर तो जमा करावा लागतो. वेगळा कॅमेरा असलेला बरा.

पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. चहा घ्या आणि पाण्याकडे तोंड करून बसा. अर्धा तास कान शहरातच असतात, मग एकेक आवाज सुटा होऊ लागतो. नदी सुरय पक्ष्यांची पाण्यावरून जाणारी कर्कश हाक, लांबून टिटवी, गावाकडून गुरांच्या घंटा.

अंधार पडल्यावर खोलीतून जेवणघराकडे एकट्यानं जायचं नाही. लॉजचा माणूस टॉर्च घेऊन येतो, त्याची वाट बघा, हाक मारा, फोन करा. आवारात अस्वल किंवा बिबट्या येऊन जातो ही इथं कहाणी नाही, सकाळी वाटेवर ठसे असतात. व्हरांड्यात फळं, बिस्किटं, चष्मा काही ठेवू नका, माकडं नेतात. जेवणात कोदो-कुटकीसारखं भरडधान्य, मक्याची भाकरी, वांग्याचं भरीत असं इथलं काही करता का, ते विचारा. पनीर मखनी आपल्याला कुठंही मिळते. आणि लवकर झोपा, पाचला चहा दारावर येईल.

पाण्यापलीकडे

धक्क्यावर गाईड भेटतो, नाव सुटते. पाच-दहा मिनिटांचा हा प्रवास, पण तो घाईनं उरकू नका. धुकं पाण्यालगत असतं आणि पलीकडचा काठ आधी नुसता करडा, मग हळूहळू झाडाझाडाचा होतो.

ताडोबाची सवय असलेल्यांना एक सांगायलाच हवं. इथं वाघ आहेत, पण ते गाड्यांना तितके सरावलेले नाहीत आणि २१०० चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रकल्पात ते विखुरलेले आहेत. वाघ दिसला तर भाग्य. पण "वाघ कुठंय?" हा प्रश्न गाईडला पहिल्या पाच मिनिटांत विचारलात, तर तो बिचारा तुमच्यासाठी पाणवठ्यांवरून गाडी पळवत राहील आणि सातपुडा ज्यासाठी नावाजलेला आहे ते सगळं मागे पडेल. त्याऐवजी "आज तुम्हाला काय बघावंसं वाटतंय?" असं विचारून बघा. मला हे विचारल्यावर एकदा तासभर एका अस्वलासमोर उभं राहायला मिळालं. त्यानं वारूळ फोडलं, नाक आत खुपसलं आणि वाळवी ओढून घेताना जो घुर्र-फुर्र आवाज केला, तो चाळीस पावलांवर आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. मधेच ते थांबायचं, नाकावरची माती झटकायचं, पुन्हा सुरू. जिप्सीत कुणीही बोललं नाही.

अस्वल, रानगवा, ढोल म्हणजे रानकुत्रे, बारशिंगा, आणि चूर्ण्याच्या बाजूला गेलात तर शेकरू. आपला राज्यप्राणी भीमाशंकरला जसा झेपावतो, तसाच इथं सागाच्या शेंड्यावरून झेपावतो. यांतला बारशिंगा इथून नाहीसा झाला होता. कान्ह्यातून आणून त्याला पुन्हा इथं वसवलं. आणि हे रान जुनंही किती! याच प्रकल्पातलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, देशातल्या पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते.

गाडी थांबली की इंजिन बंद आणि तोंडही बंद. वानराचा खॉक-खॉक, चितळाची शीळ, सांबराचं एकच दणदणीत "पोंक": वाघ-बिबट्या जवळ असल्याचे हे इशारे. सांबर उगाच ओरडत नाही, तो ओरडला की गाईडचा चेहरा बघा. जिप्सीत उभं राहायचं असेल तर सावकाश, आणि खाली मात्र कधीच उतरायचं नाही.

होडी आणि पायवाट

दुसऱ्या सफारीऐवजी एक सकाळ होडीसाठी राखा. बरेच लॉज देनवाच्या फुगवट्यात कनो काढतात. ही वल्हवायची अरुंद होडी असते, पुढे तुम्ही आणि मागे वल्हवणारा. लाइफ जॅकेट घट्ट बांधा आणि सैल वाटलं तर स्पष्ट सांगा, पोहता येत असलं तरी. पाण्यात मगरी आहेत, हात पाण्यात सोडून बसायचं नाही. होडीत मधोमध बसायचं, उठायचं असेल तर आधी सांगायचं.

माझी आठवण फेब्रुवारीतली. पाणी आरशासारखं, बुडालेल्या झाडांचे वठलेले शेंडे वर आलेले आणि प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसलेला. वल्हवणाऱ्या दादांनी वल्हं उचलून धरलं. त्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. मग काठाच्या गाळावर तीन पाणमांजरं आली. एकाच्या तोंडात मासा होता, बाकीची दोघं त्याच्या मागे चिरचिरत लागलेली. त्यानं मासा डोक्याकडून खायला घेतला आणि हाड फुटल्याचा कुडकुड आवाज आमच्यापर्यंत आला. कॅमेरा मांडीवरच राहिला.

पायी फिरणं ही सातपुड्याची खरी देणगी आहे. देशातल्या फार थोड्या व्याघ्र प्रकल्पांत ती मुभा मिळते. वनविभागाच्या गाईडसोबत, रांगेनं, न बोलता. पुढचा थांबला की थांबायचं, आणि काहीही समोर आलं तरी पळायचं नाही. चालताना नजर खाली लागते: अस्वलाची मोहाच्या बियांनी भरलेली विष्ठा, सागाच्या खोडावर नखांचे ओरखडे, वाळूत बिबट्याचा ठसा आणि त्यावरून नंतर गेलेल्या मोराची पावलं.

तिथली माणसं

वल्हवणारे, गाईड, स्वयंपाकघरातली मंडळी, यांतले बरेच जण आसपासच्या गावांतले, गोंड आणि कोरकू घरांतले. या पाण्याखाली गावं गेली आहेत. धरणानं काही उठवली, पुढे जंगलासाठी काही हलली. धरणग्रस्तांच्या तवा मत्स्य संघाला १९९६ मध्ये या जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळाला होता, तो २००६ मध्ये संपला. या पाण्याशी इतका जुना संबंध असल्यानं तुमच्या होडीतल्या काकांना मासे, पाणी, वारा यांतलं जे कळतं, ते कुठल्याही पुस्तकात नाही. "रामराम" करून नाव विचारा, तुमचं सांगा, हिंदी मोडकीतोडकी असली तरी चालते. त्यांचं गाव कुठं होतं हे त्यांनी आपणहून काढलं तर ऐका.

बक्षिसी द्यायची तर गाईडला आणि चालकाला हातात द्या. लॉजच्या बाकी लोकांसाठी बहुतेक ठिकाणी सामाईक पेटी असते. धुणंभांडी करणारे आणि बागेतले आपल्यासमोर येत नाहीत, त्यांचा वाटा त्या पेटीतूनच जातो. सुटे पैसे घरूनच आणा, इथं एटीएम शोधत सोहागपूरला जावं लागतं.

निघायच्या दिवशी

शेवटच्या सकाळी सफारी घेऊ नका. सफारीतून परत, घाईत आंघोळ, धावत स्टेशन, यात जीव मेटाकुटीला येतो. टॅक्सीवाल्याला आदल्या रात्रीच वेळ सांगून ठेवा, सकाळी रेंज मिळेलच असं नाही. खोलीतला प्लॅस्टिकचा कचरा, वापरलेले बॅटरीचे सेल बॅगेत भरून शहरात न्या, गावात तो टाकायला जागा नाही.

आणि बहुतेक लॉजवर एक वही असते, रोज काय दिसलं ते लिहायची. चहा घेऊन ती मागा. मागची पानं चाळा: कुणी सापगरुड लिहिलेला असतो, कुणी "आज काही नाही, फक्त धुकं". मग तारीख घालून तुमचं लिहा, पक्ष्याचं नाव येत नसेल तर रंग आणि शेपटी लिहा. तुमच्यानंतर येणारा नॅचरॅलिस्टला बोलावून विचारेल की हा कोणता, आणि तो बाहेर येऊन बोटानं दाखवेल.